सव्वादहाची मालगाडी

रूळ उखडून नऊ वर्षं झाली, तरी सव्वादहाला अख्खं केलर्सबर्ग बोलता बोलता थांबतं. पूर्वी मालगाडीच्या धडधडाटात काही ऐकू यायचं नाही. वाक्य अर्ध्यावर सोडायचं आणि शेवटचा डबा गेला की तिथूनच पुढं बोलायचं. रेल्वे गेली, सवय राहिली.

लोरेटाचा नवरा एमेट शेवटच्या गाडीचा गार्ड. पायरीवर लटकून तो ओरडला होता, "लोरेटा, मी परत आलो, तर—" पुढचं धडधडाटात बुडालं. तो परतलाच नाही.

आज तिच्या खाणावळीत म्हातारा ऑरव्हिल कुरकुरत होता, "पोरी, ही कॉफी आहे की इंजिनातलं—" आणि गप्प झाला. सगळेच गप्प झाले.

एरवी तीन मिनिटांत पुन्हा गलका व्हायचा. आज पाच झाली, सात झाली. कपातली कॉफी थरथरू लागली. मग हळूहळू स्थिर झाली.

"गाडी थांबली," ऑरव्हिल पुटपुटला. जन्मभर इंजिन हाकलेला माणूस, पण मान वर करेना.

मागच्या दारावर टकटक झाली. दोनदा, मग एकदा. एमेट अशीच करायचा. लोरेटानं धावत जाऊन कडी काढली, दार ओढलं.

बाहेरून त्याचाच आवाज आला, राहिलं होतं तिथूनच पुढं.

"—दार उघडू नकोस."