एक सभासद, एक रुग्ण

“अंडं राहिलं,” अंगणाच्या बुटक्या भिंतीपलीकडून शेजारच्या मिसेस हर्विट्झ म्हणाल्या.

विद्याताईंनी दुधाचा कप भिंतीवर ठेवला आणि पदराने ओठ पुसले. अंडं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं. ते रोजच्यासारखं त्यांच्या मुलाने, प्रसन्नने, आईच्या वतीने खाल्लं. आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या त्या गल्लीत हा सोहळा महिनाभर रोज सकाळी चालला होता, आणि त्याला कारण प्रसन्नची जीभ.

नागपूरहून मुलाकडे आलेल्या विद्याताई लॉकडाऊनमध्ये अडकल्या. वर्ष उलटलं तरी अडकूनच राहिल्या. खोकला झाला म्हणून एक्स-रे काढला, तर फुप्फुसावर जुना डाग. लग्नानंतर टीबी झाला होता, औषधांनी पूर्ण बराही झाला होता, हे त्यांना डॉक्टरांपुढे कबूल करावं लागलं. पन्नास वर्षं झाकलेली मूठ अशी उघडी पडली. निदान घरात तरी राहावी! पण प्रसन्नने भिंतीपाशी गप्पा मारता मारता ते शेजारणीला सांगून टाकलं. मिसेस हर्विट्झच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“रुग्ण!” त्या म्हणाल्या. “अखेर मिळाला!”

त्या एका ज्यू महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या. चिटणीसही त्याच, आणि एकमेव सभासदही त्याच. मंडळ त्यांच्या आजीने काढलेलं. लिथुआनियाहून आलेली गरीब ज्यू माणसं इथल्या ओलसर खोल्यांत खोकायला लागली, की मंडळाच्या बायका दूध-अंडी घेऊन पोचायच्या. आई दवाखान्यात गेली, तर तिची मुलं आपल्या घरी आणून सांभाळायच्या. पुढे टीबी ओसरला, ज्यू कुटुंबंही एकेक करून शहर सोडून गेली. मंडळ तेवढं राहिलं. मिसेस हर्विट्झ दर महिन्याला सभा घेत. ठराव मांडत, मग खुर्ची बदलून त्याला अनुमोदन देत. एकदा स्वतःशीच मतभेद होऊन सभा तहकूब झाली होती. लॉकडाऊन लागल्यावर नियम म्हणजे नियम, म्हणून त्यांनी सभा झूमवर नेली. यंदा रुग्ण मिळाला नाही तर मंडळ बंद करायचं, असाही ठराव झाला होता. त्या रात्री म्हणे त्या जेवल्या नव्हत्या.

आता रुग्ण मिळाला होता. तो ज्यू नव्हता, पण खोकला काही गोत्र विचारत नाही, असं त्यांनी सभेत स्वतःला पटवलं. नियमाप्रमाणे रुग्णाने दूध सभासदाच्या डोळ्यांदेखत प्यायचं. रुग्णाची मुलं रुग्णापासून दूर ठेवायची. मुलांचं वय नियमात दिलेलं नव्हतं. त्यामुळे बेचाळीस वर्षांचा प्रसन्न लॅपटॉप घेऊन दिवसभर मिसेस हर्विट्झच्या काचेच्या पडवीत बसू लागला. भर मीटिंगमध्ये त्याच्यापुढे गरम दुधाचा पेला यायचा, आणि तो संपेपर्यंत बाई हलायच्या नाहीत.

“इट्स ग्रँड, आई,” तो म्हणायचा. “तिकडे वायफायसुद्धा चांगलं लागतं.”

विद्याताई मात्र लाजेने अर्ध्या झाल्या होत्या. दुधाच्या किटलीवर मंडळाचं नाव होतं, आणि त्यात ‘क्षय’ हा शब्द सगळ्यांत मोठा. दूध त्या नागपूरहून आणलेल्या आपल्या निळ्या कपातूनच प्यायच्या. तो कप घरात दुसरं कुणी वापरायचं नाही. तिथे ज्याला प्रेस म्हणतात त्या कपाटात, बाकीच्या कपांबरोबर त्या तो कधी ठेवत नसत. त्याची जागा बाहेर खिडकीत. आईचं सोवळं, असं प्रसन्न लहानपणापासून म्हणत आला होता. मिसेस हर्विट्झना हे फार आवडलं. ज्यू रिवाजाप्रमाणे त्यांच्याही घरी दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी. परक्याच्या भांड्याला त्यांनी आयुष्यात तोंड लावलं नव्हतं. चहाला बोलावलं, तर त्या पर्समधून स्वतःचा कप काढायच्या.

त्या सकाळी प्रसन्नचं अंडं संपतंय तोच पोस्टमन आला. त्याने किटलीवरचं नाव वाचलं आणि हळूच मागे सरकला. विद्याताईंना ते सहन झालं नाही.

“सांग तिले,” त्या प्रसन्नला म्हणाल्या, “मले आता काही झालं नाही! तवा सासूनं माहा कप बाहेर खिळ्याले टांगला. डॉक्टर म्हणे बरी झाली, तरी कप बाहेरच. सासू गेली, पण तो आत न्यायची माही हिंमत नाही झाली. अन् आता ह्या बाईनं मले पुन्हा बिमार करून ठेवलं!”

प्रसन्न आईकडे बघतच राहिला. सोवळं म्हणे! त्याने कसंबसं भाषांतर केलं.

मिसेस हर्विट्झनी भिंतीवरच्या त्या निळ्या कपाकडे पाहिलं. मग ताठ उभ्या राहिल्या.

“सभा सुरू. ठराव असा, की रुग्ण बरी झालेली आहे.” एक पाऊल बाजूला सरकून त्यांनी अनुमोदन दिलं.

“पण मग तुमचं मंडळ...” प्रसन्न म्हणाला.

“बाहेरच्यांनी सभेत बोलायचं नाही.”

त्यांनी हात लांबवून विद्याताईंचा कप उचलला. लशीचे दोन्ही डोस दोघींचे झाले होते, पण या कपावर कसली लस असणार? तळाशी घोटभर उष्टं दूध होतं. मिसेस हर्विट्झनी मास्क हनुवटीवर ओढला, डोळे मिटले आणि ते पिऊन टाकलं.

“असा नियम आहे?” प्रसन्नने विचारलं.

“आत्ताच झाला. एकमताने.” त्यांनी कप परत ठेवला. “सभा संपली.”

रिकामा कप विद्याताईंनी दोन्ही हातांत धरला, आत डोकावून पाहिलं, आणि मग तो प्रसन्नपुढे केला.

“धू याले,” त्या म्हणाल्या, “अन् ठेव प्रेसमधी. बाकीच्या कपांत.”