अटकेचा मान

“कायदा कारण सांगायचं थांबवतो, तेव्हा इतिहासाला बोलावं लागतं!”

संपादक गहिनीनाथांनी अग्रलेखाचं हे पहिलं वाक्य उभं राहून वाचलं.

“इतिहासाला म्हनावं, बोलून झालं की टँकर आलाय का बगून ये,” चुलीपुढून मुक्ताबाई म्हणाली. “घागर रिकामी हाय.”

गहिनीनाथ खाली बसले. मुक्ताबाई त्यांची बायको आणि ‘रणशिंग’ साप्ताहिकाची एकमेव नियमित श्रोती. वाचता तिला येत नव्हतं, म्हणून ऐकावं लागे.

अग्रलेख कानिफनाथांच्या अटकेवर होता. कानिफनाथ हे गहिनीनाथांचे सख्खे चुलतभाऊ आणि तिसगावातल्याच दुसऱ्या साप्ताहिकाचे संपादक. दोघांची विहीर सामायिक, बांध सामायिक, गावामागच्या ओसाड पांढरीत जमिनीखाली खणलेलं धान्याचं पेव सामायिक. बांधावरून ते तालुक्याच्या कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहत, पण बाहेरच्या बाकावर तंबाखू कानिफनाथांची आणि चुना गहिनीनाथांचा, ही रीत कधी मोडली नव्हती.

कानिफनाथांनी ‘मिसा’वर सणसणीत लिहिलं. हेर आणि घातपाती धरायला केलेला हा कायदा, उद्या खडी फोडून मजुरी मागणाऱ्यालाही विनाचौकशी आत टाकील, असं लिहिलं. अंक निघाला आणि कानिफनाथ दिसेनासे झाले. गावानं काय ते ओळखलं.

“आमी न्हाई धरलं,” फौजदार म्हणाले.

“धरलं असतं तर दुसरं काय म्हनला असता?” गावानं विचारलं.



शिवाय डबा होता. कानिफनाथांची बायको पुष्पावती रोज दुपारी भाकरीचा डबा घेऊन चौकीवर जाई, पायरीवर बसून डोळ्याला पदर लावी आणि लोकांच्या नजरा नकोत म्हणून पांढरीच्या वाटेनं घरी येई. वेशीत कुणी विचारलंच तर डबा उघडून दाखवी. डबा रिकामा असे.

“आमी डब्याला बोट लावत न्हाई. बाई भरलाच परत नेती,” फौजदार गळ्याची शपथ घेऊन सांगत. गाव हसे. सरकार इतकं खोटं बोलू शकतं, याचा लोकांना जवळजवळ अभिमान वाटू लागला.

मग पुण्याच्या दैनिकात बातमी आली. ‘घातपात्यांचा कायदा संपादकावर?’ खाली कानिफनाथांचा फोटो. फोटो कुणाच्या तरी लग्नातला होता. डाव्या कडेला शेजारच्या माणसाचा फक्त खांदा आला होता.

तो गहिनीनाथांचा होता.

“खांदा झ्याक आलाय,” मुक्ताबाई म्हणाली.

गहिनीनाथ दोन घास कमी जेवले. पुढच्या अंकात त्यांनी आठ कॉलमी मथळा दिला, ‘हिंमत असेल तर मला धरा!’ आणि अंक स्वतः चौकीवर नेऊन दिला. फौजदारांनी त्याची नीट घडी केली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

बाजारच्या दिवशी नगरहून पीरमहंमद वकील आले.

“आमच्या बार रूममध्ये दोन तट पडलेत,” चहा फुंकत ते म्हणाले. “एक म्हणतो, धरलं तर कारण द्या. दुसरा म्हणतो, देशाला धोका असला की कारण झाकून ठेवता येतं. मी म्हणतो, कारण राहू द्या हो, आधी माणूस दाखवा! सोमवारी मुंबईला जाऊन हायकोर्टात अर्जच टाकतो. कानिफनाथ विरुद्ध सरकार. निकाल काहीही लागो, कायद्याच्या पुस्तकात नाव राहणार.”

गहिनीनाथांचा चहा बशीबाहेर गेला.

“अर्जात आणखी एक नाव बसेल का?”

“कुणाचं?”

“आपलं असंच विचारलं.”

“माणूस गायब असला तर बसेल की. तुम्ही कशाला त्यात? तुम्ही तर समोर बसलाय.”

हे वाक्य गहिनीनाथांच्या जिव्हारी लागलं. सगळ्या गावात तेवढे तेच समोर बसलेले होते.

रविवारी दुपारी गाव दुष्काळी कामावर खडी फोडत असताना त्यांनी घोंगडी, पाण्याचा तांब्या आणि कोरे कागद एकत्र बांधले. चुन्याची डबी सवयीनं कनवटीला गेली.

“वकिलाला निरोप धाड,” ते मुक्ताबाईला म्हणाले. “जीप आली, साध्या कपड्यातली माणसं होती, मला नेलं म्हणावं.”

“आन् तुमी ऱ्हानार कुटं?”

“पेवात. दोन वर्षं दाणा पडला नाही त्यात. तिकडं कोण फिरकतंय?”

“अवो, तुमाला नेलं हे गावाला खरं वाटंल का?”

“कानिफचं वाटलं ना?”

“त्येंचं डब्यावरनं वाटलं.”

“मग तूही डबा ने!”

मुक्ताबाईनं परात पुढं ओढली. “भावजींची बरोबरी करता करता मसनात जाल एक दिवस,” म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

पांढरीत चिटपाखरू नव्हतं. पेवाच्या तोंडावरची फरशी अर्धवट सरलेली होती. उरलेली हाताच्या एका रेट्यानं सरकली. आत शिडीही लावलेलीच होती. वाडवडिलांच्या दूरदृष्टीला गहिनीनाथांनी मनातून नमस्कार केला. मग बोचकं काखेत मारून त्यांनी मोकळ्या आभाळाकडे शेवटचं पाहिलं.

“गहिनीनाथ विरुद्ध सरकार,” ते हळूच म्हणाले. कानाला बरं वाटलं.

ते पाठमोरे उतरू लागले. एक पायरी, दुसरी पायरी. तिसरीवर पाय टेकतो न टेकतो तोच खालच्या अंधारातून आवाज आला,

“हळू, डोक्यावर पाय देशील. आन् गहिनी, चुना आनलायस का रं?”