नानींसाठी शब्द

"कात्रीला काय म्हणायचं?"

"कैंची."

"आणि सुईला?"

"सुई."

"धाग्याला?"

"धागा," खारू म्हणाली आणि शिलाई मशीनवर कोपर टेकून बसली. "बाबा, निम्मं तर तेच आहे. मग शिकायचं काय?"

शिंपी हसला. त्याची स्वतःची हिंदी गिऱ्हाइकापुरती. कमर कितनी, लंबाई कितनी, बुधवार को ले जाना. बाकीचे शब्द बायकोच्या तोंडून कानावर पडलेले. ती या घरात मराठीच बोलायची, इतकी सफाईदार की शेजारीपाजारी फसायचे. हिंदी निघायची ती ठेच लागली की, नाहीतर झोपेत. आता ती नव्हती, आणि मुलींची नानी आज पहिल्यांदा या घरी येत होती. लग्नाला आली नव्हती. शेवटच्या आजारपणातही नाही.

गेला आठवडाभर तो मुलींना घेऊन घरभर फिरत होता. खुर्ची, कुर्सी. किल्ली, चाबी. उशी, तकिया. खारू पहिलीत होती, तिला पटापट यायचं. धाकटीला अजून मराठीच धड येत नव्हती, म्हणून तिच्या वाट्याला एकच वाक्य दिलं होतं. नमस्ते नानी, पानी लीजिए.

नानी आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. पिशवी मांडीवरच ठेवली.

"शाम की गाड़ी है," त्या बसल्याबसल्या म्हणाल्या.

धाकटी दोन्ही हातांत पेला धरून पुढे आली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं.

"नमस्ते पानी, नानी लीजिए."

शिंप्याने डोळे मिटून घेतले. नानींनी पेला घेतला. हसल्या नाहीत.

मग खारू सुरू झाली. एकेका वस्तूला हात लावायची आणि शब्द म्हणायची. कुर्सी. मेज. ताला. चाबी. नानी प्रत्येक शब्दाला "अच्छा" म्हणत होत्या, परक्या घरातल्या पोरांना म्हणावं तसं. आल्यापासून त्यांनी सगळं बघितलं होतं, मशीन, कपाट, पलंग, दोरीवरचे फ्रॉक. फक्त समोरच्या भिंतीवरच्या लेकीच्या फोटोकडे मान वळवली नव्हती.

खारूचे शब्द संपत आले. ती पुढची वस्तू शोधत होती, तेवढ्यात त्या फोटोमागून एक पाल बाहेर आली.

"नानी! पिचकली! पिचकली!"

खारूने पलंगावर उडी मारली. तिच्यामागोमाग धाकटीही चढली आणि कशासाठी ते न कळताच ओरडू लागली.

नानींच्या हातातला पेला तसाच राहिला. "क्या बोली तू?"

"पिचकली." खारूचा आवाज एकदम उतरला. तिने बापाकडे पाहिलं.

"गलती हो गई क्या, माँजी?" शिंपी गडबडला. "मैंने सिखाया. हिंदी में यही बोलते हैं ना? वो तो यही बोलती थी."

"छिपकली," नानी म्हणाल्या. "छिपकली बोलते हैं. छोटी थी तब उससे बोला नहीं जाता था. बाद में सीख गई. पर डर जाती, तो मुँह से वही..." त्या थांबल्या. "यहाँ भी?"

"हर बार. पलंग पर चढके, हाथ में झाड़ू, आँखें बंद. मैं बचाने जाता, तो झाड़ू मेरे को ही लगता."

नानींना हसू फुटलं. आवरायला त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलंच नाही. मांडीवरची पिशवी घसरून खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही. पाल कधीच निघून गेली होती, तरी त्या फोटोकडेच बघत होत्या.

"और?" त्यांनी विचारलं. "और क्या बोलती थी?"

शिंप्याने आठवून पाहिलं. बोलणं काय थोडं होतं? दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असायचा तिचा. पण या बाईला देता येईल असं त्यात काहीच सापडेना.

"बाकी सब मराठी में, माँजी," तो ओशाळून म्हणाला.

"तो मराठी में ही बोलो. जैसे वो बोलती थी."

शिंप्याने मान खाली घातली. बोटाला चिकटलेला धाग्याचा तुकडा गुंडाळत बसला.

"दुकानातून आलो की म्हणायची, दमलास?"

"दमलास," नानी म्हणाल्या.

"रागावली की म्हणायची, जा, त्या मशीनशीच लग्न कर."

हे नानींना कळलं नाही. त्यांनी खारूकडे पाहिलं. खारू पलंगावरून उतरली, जरा विचारात पडली आणि म्हणाली, "मशीन से शादी कर लो."

"हाँ," नानी म्हणाल्या. "उसी की ज़बान है." त्या खुर्चीत मागे रेलून बसल्या. दोघी मुलींना त्यांनी जवळ ओढलं, धाकटीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. त्यांचा हात तिथेच रेंगाळला.

"और तुम लोग? तुम उसे क्या बुलाते थे? मम्मी?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आई."

"आई?" नानींच्या हिंदी कानाला ते 'आली' असं ऐकू आलं, आणि त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं.

धाकटीनेही वळून पाहिलं.