पाहुण्याच्या ताटात

नवीन आणलेली सुरी कोलूनं तिसऱ्यांदा धुतली आणि मुश्ताकपुढे धरली. "घ्या भाऊ. तुमच्या हातानं, तुमच्या रीतीनं कापा. तुमाले चालते तसंच होऊ द्या."

मुश्ताक अँब्युलन्सचा ड्रायव्हर. कोलूच्या सुनेला, दिव्याला, आठ दिवसांमागे यानंच भामरागडच्या दवाखान्यात पोचवलं होतं आणि आज पूर ओसरल्यावर बाळासकट घरी आणून सोडलं. अशा माणसाला उपाशी जाऊ दिलं तर गावात तोंड काय दाखवायचं? सकाळपासून कोलूच्या पायाला भिंगरी लागली होती.

मुश्ताकनं कोंबडी घेतली आणि थांबला. तिच्या डोक्यावर कुंकू होतं.

"देवाच्या नावाची आहे काय?"

नाही म्हटलं असतं तर कोण येणार होतं सांगायला! पण सून सुखरूप सुटावी म्हणून ही कोंबडी नवसाला बोललेली. सकाळी देवापुढे तांदूळ टाकले. अर्धा तास कोंबडीनं ढुंकून पाहिलं नाही, मग एकदाचे टिपले. म्हणजे देवानं घेतली. आता कापायची तेवढी पाहुण्याच्या हातानं, की झालं, असं कोलू धरून चालला होता.

"हो," कोलू म्हणाला. "तुमी तुमच्या देवाचं नाव घ्या ना आता."

"नाई जमत, कोलूभाऊ. एकाले देल्लेली दुसऱ्याच्या नावानं कशी कापू? ते तुमच्या देवाचीच राहू द्या."

कोलू तरातरा बाहेर गेला आणि काखेत एक ठिपक्यांची कोंबडी धरून धापा टाकत परत आला. "हिच्यावर कोणाचंच नाव नाई."

"कोणाची आहे?"

"शेजारच्या चैतूची. तो रानात गेला. सांगन त्याले संध्याकाळी."

मुश्ताकला हसू आवरेना. "न विचारता उचलली काय? अशी कितीबी नाव घेऊन कापली तरी हलाल नाई होत, भाऊ. सोडा तिले."

कोलूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं कोंबडी सोडून दिली.

"भात आहे काय?" मुश्ताकनं विचारलं. "तुमच्या शेतातला?"

"मंग कोणाचा?"

"मंग तोच वाढा."

कोलूच्या बायकोनं, इतवारीनं, भात आणि अंबाडीची भाजी वाढली. मुश्ताक जेवायला लागला. कोलूला काही बसवेना. दाराशी जाई, परत येई. "माही सून अन् नातू जिते आणून देल्ले तुमी, अन् तुमच्या ताटात भाजी. मले लाज वाटून राह्यली."

"गाडी सरकारची, डिझेल सरकारचं," मुश्ताक खाली मान घालून म्हणाला. "मी पगार घेतो. काम चुकवलं तर माह्या घरची रोटीबी हलाल राहात नाई."

कोलू एकदम त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "त्या दिवशी नाल्याले पूर होता. गाडी पल्याड. छातीभर पाण्यातून सुनेच्या खाटेचं पुढचं टोक तुमच्या खांद्यावर होतं. त्याचा पगार कोण देते?"

मुश्ताकनं ताट पुढे केलं.

"भात वाढा थोडा."