हेनामवालीची पाठ

न्हुंग गुडघाभर गरम पाण्यात उतरली आणि हमामखान्यातल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

"अगं, कापड! कापडासकट कुठं चाललीस?"

"काढा तिला बाहेर! सगळ्यांचं पाणी नासवलं!"

छातीपासून गुडघ्यांपर्यंत गुंडाळलेलं सुती कापड न्हुंगनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तिच्या व्हिएतनामात, मेकाँगच्या काठी, बायका अशाच नदीत उतरत. इथं कोरियात अंगावरचं सगळं दाराबाहेर ठेवून यायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? सासू मागं वळून न बघता पुढं निघून आली होती.

सासू भिंतीकडच्या नळाशी बुटक्या स्टुलावर बसली होती. सून म्हणून येऊन चाळीस वर्षं झाली तरी गाव तिला माहेरावरनं हेनामवालीच म्हणे. आरडाओरडा ऐकूनही तिनं मान वळवली नाही. फक्त तिचे कान लाल झाले.

"हेनामवाली!" हौदात गळ्याइतक्या पाण्यात बसलेली बोसोंगवाली म्हणाली. "तुझी सून आंघोळीला आलीय की होडीची वाट बघतेय गं?"

बायका खो खो हसल्या.

"मुलानं आणलीय," हेनामवाली भिंतीला म्हणाली. "मला काय विचारता?"

एवढं कोरियन न्हुंगला आता कळत होतं. लग्नाला अजून एक हिवाळाही झाला नव्हता, पण हे वाक्य तिनं भाजीवालीपाशी ऐकलं होतं, बसथांब्यावर ऐकलं होतं. काचेच्या दारापलीकडे तिचे कपडे होते, कोट होता आणि घराकडे जाणारा रस्ता होता.

उद्या नवं वर्ष. जुन्या वर्षाचा मळ आजच उतरवायचा, म्हणून सारं गाव इथं लोटलं होतं. घरोघर गरम पाणी आलं होतं, पण या दिवशी घरच्या नळाखाली कोण न्हाणार? सुना सासवांच्या पाठी चोळत होत्या, लेकी आयांच्या. जिचं कुणी नव्हतं ती शेजारणीला म्हणे, "तू माझी घे, मी तुझी घेते." हेनामवालीनं असं कधी म्हटलं नव्हतं. भरल्या तारुण्यात नवरा गेला, पदरात एकच मुलगा. तेव्हापासून तिची पाठ तीच चोळी. आताही ती लांब दांड्याचा ब्रश खांद्यावरनं मागं नेत होती, मग कमरेकडनं वर. दोन खांद्यांच्या मधोमध मात्र तो काही केल्या पोचत नव्हता.

न्हुंगनं ते पाहिलं.

ती पाण्याबाहेर आली. कापडाची गाठ सोडली, ते पिळलं, झटकलं आणि खुंटीला अडकवलं. मग सगळ्यांच्या नजरांमधून, पाण्यातून चालावं तशी, घाई न करता ती सासूमागं जाऊन बसली. मळ काढायचा खरखरीत हिरवा हातमोजा तिनं हातात चढवला.

"आई. पाठ."

"राहू दे. माझी मी घेते."

हेही न्हुंगला कळलं. पण तिनं न कळल्यासारखं केलं आणि सासूच्या हातातला ब्रश काढून बाजूला ठेवला.

बापाच्या होडीचं शेवाळ नारळाच्या सोडणानं खरवडत ती पोर वाढली होती. तिनं एक हात सासूच्या खांद्यावर रोवला आणि दुसऱ्यानं कमरेपासून मानेपर्यंत असा काही रेटा दिला, की हेनामवाली पुढच्या आरशावर आदळता आदळता वाचली. मळाच्या काळपट शेवया सुटून खाली पडू लागल्या.

"आई गं! बघा तरी काय निघतंय!" एक म्हातारी ओरडली. "हेनामवाली, हा तर नवरा गेला त्या सालचा मळ दिसतोय!"

"नीट बघ पोरी, मधेच कुठंतरी तुझा सासरासुद्धा सापडेल!"

हसण्याचा गजर उठला. न्हुंगचा हात थबकला. सासूचे खांदे गदगदत होते. ती आरशात वाकून बघते तो काय, हेनामवाली तोंड दाबून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"थांबलीस का?" सासू म्हणाली. "मधोमध घे. आणखी वर. हां... तिथं."

तिथं न्हुंगनं जीव ओतला. पाठ लालबुंद झाली, वाफाळली. हेनामवालीनं डोळे मिटले.

हौदाकाठी बोसोंगवालीची पाठ तिची सोल शहरातून आलेली सून नखं सांभाळत चोळत होती. बोसोंगवालीनं दोनदा मान वळवून पाहिलं आणि शेवटी सुनेचा हात झटकला.

"पुरे, नुसतीच गोंजारतेस. ए पोरी, तुझ्या सासूची झाली की माझीही घे गं जरा."

न्हुंगनं सासूकडे पाहिलं. हेनामवालीनं डोळे उघडले नाहीत.

"रांगेत बस," ती म्हणाली. "माझ्या सुनेचा हात अजून मोकळा नाही."

बोसोंगवालीनं आपलं स्टूल फरशीवरनं खरडत आणलं आणि ती न्हुंगच्या मागं टेकली. मग स्वतःचा मोजा हातात चढवला आणि मगभर गरम पाणी न्हुंगच्या पाठीवर ओतलं.

"या हल्लीच्या पोरी!" ती पुटपुटली. "दुसऱ्याची चोळतील, आणि स्वतःची पाठ तशीच कोरडी."

न्हुंग दचकली. पण तिचा हात थांबला नाही.