पाण्यावरचे उंदीर

नव्या औषधाने पित्त वाढतं का, एवढंच बाईंना बघायचं होतं. म्हणून उंदरांचे दोन पिंजरे केले होते. एकाला पाण्यातून औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी. औषधवाले टुणटुणीत होते. पाण्यावरच्या उंदरांचे मात्र कान पिवळे पडले होते आणि पित्त मोजायला लावलेल्या बारीक नळीतून थेंब पडता पडत नव्हता.

"पिंजऱ्यांची अदलाबदल केलीत ना?" बाई मदतनिसावर कडाडल्या.

"नाही हो बाई. शेपटीवरच्या खुणा बघा ना."

बाईंनी एकूण एक शेपटी तपासली. खुणा बरोबर होत्या.

"मग ह्यांच्या यकृताला झालं काय? काय घालता ह्यांना?"

"काय घालणार? हा समोरचा नळ."

चहाचा कप बाईंच्या हातात तसाच राहिला. चहा त्याच नळाचा होता. बाई राहायच्या त्या मागच्या क्वार्टर्सनाही हीच टाकी. म्हणजे टाकीत कसलं तरी रसायन उतरलं होतं, आणि औषधवाले उंदीर केवळ औषधामुळे तगले होते! बाईंनी घरी फोन लावला. समोर बर्नरवर, जोर वाढावा म्हणून आटत ठेवलेलं औषध निम्म्यावर आलं होतं.

"आई, बाळाला पाणी कुठलं देतेस गं?"

"नळाचंच. पण तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस," आई हसली. "मी काय कच्ची आहे होय? चांगलं निम्मं आटवूनच देते."