एकाहत्तर टक्क्यांवर

पट्टी एकाहत्तर टक्क्यांवर येऊन जी बसली, ती काही केल्या हलेना.

"अगं, नेटच्या डब्याला हात लावलास का?" उस्तादने खुर्चीतूनच हाळी दिली.

"मी कशाला लावू? इस्त्री करतेय मी," बायको आतल्या खोलीतून म्हणाली.

घड्याळात चार वाजत आले होते. पाचला शेवटची शर्यत. नवं अपडेट उतरल्याशिवाय गेम आत घेणार नव्हता, आणि जोडीतला एक जरी आला नाही तरी दोघेही बाद. सहा महिने रक्त आटवून दोघं शेवटच्या आठ जोड्यांत पोहोचले होते. आता एका पट्टीपायी सगळं मातीत जाणार? छे! उस्तादने बाह्या सरसावल्या.

उस्ताद हे नाव गॅरेजवरचं. तीस वर्षं त्याने गाड्यांची इंजिनं खोलली. गुडघे गेले, गॅरेज बंद झालं आणि हा माणूस घरात बसून गंजायला लागला. गेममध्ये त्याने नावही 'गंजलेला' असंच घेतलं. खेळ मोटारींचा, जोडीने खेळायचा. एकाने गाडी हाकायची, दुसऱ्याने नकाशा बघत बटणं दाबून वळणं सांगायची. वळणं सांगणारा उस्ताद, आणि गाडी हाकणाऱ्याचं नाव 'कासव'. तो कोण, कुठला, काही ठाऊक नाही. नाव-गाव, घरदार विचारायचं नाही, फक्त रस्त्याचं बोलायचं, असं दोघांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. पण गडी लाखात एक. उस्तादने डावीकडे सांगितलं की डावीकडे. समोर दरी दिसत असली तरी डावीकडे.

"ऐकतो बघ माझं," उस्ताद बायकोला कौतुकाने सांगायचा. "नाहीतर आपले वरचे!"

वरचे म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. गॅरेज दोघांचं होतं. चार वर्षांपूर्वी उस्ताद नको नको म्हणत असताना धाकट्याने गिऱ्हाइकाची गाडी बाहेर काढली आणि नेऊन फाटकावर घातली. "आयुष्यात एकदा तरी माझं ऐकलं असतंस!" उस्ताद चारचौघांत ओरडला. त्या दिवसापासून खालचा मजला वरच्याशी बोलत नव्हता आणि वरचा खालच्याशी.

पडद्याच्या कोपऱ्यात कासवाचा निरोप उमटला. 'माझंही रखडलंय. अडुसष्ट. धीर सोडू नकोस.'

'सोडतो कसला! बघतोच आता,' उस्तादने लिहिलं.

त्याने टीव्ही बंद केला. बायकोचा मोबाइल बंद केला. पट्टी ढिम्म. मग चष्मा नाकावर नीट बसवून त्याने डब्याची यादी उघडली. नेटवर कोण कोण आहे ते त्यात दिसायचं. पहिलं नाव त्याच्या कॉम्प्युटरचं, दुसरं बायकोच्या मोबाइलचं, बंद केल्यामुळे पुसट झालेलं. आणि खाली एक तिसरं.

"हे तिसरं कोण बसलंय आपल्या नेटवर?"

इस्त्री थांबली. "वर दिलाय मी पासवर्ड. जाऊबाईंनी मागितला होता."

"कधी?"

"झाले की बरेच महिने."

"आणि मला विचारायचं नाही?"

"विचारलं असतं तर दिला असतात?" बायको दारात येऊन उभी राहिली. "भावजींचं काही काम चालू असेल हो. तासभर दम धरा."

"तासाभराने काय, शर्यतीची धूळ बघत बसू? माझा एक शब्द ऐकायचा नाही आणि नेट मात्र माझंच ओढायचं! काय माणसं आहेत!"

त्याने तिसऱ्या नावापुढचं 'अडवा' दाबलं. नाव पुसट झालं. वर खुर्ची करकरली. उस्तादला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

आणि पट्टी सुटली की हो! पंच्याहत्तर, ऐंशी, नव्वद. 'धावली रे धावली! एक फुकट्या हाकलला,' त्याने कासवाला लिहिलं. 'तुझं कुठवर?'

उत्तर आलं नाही.

साडेचारला पाच मिनिटं असताना अपडेट पूर्ण झालं. पडद्यावर गाडी उभी राहिली. वाट सांगणाऱ्याच्या जागेवर दिवा लागला, चालवणाऱ्याची जागा काळीच राहिली. सहा महिन्यांत हा गडी कधी मिनिटभर उशिरा आला नव्हता. "ये रे बाबा," उस्ताद पुटपुटला. "तुझ्यावाचून मी काय करू?"

मग निरोप आला.

'मोबाइलवरून लिहितोय. इथे रेंज नावालाच, हे कधी पोचेल देव जाणे. माझं नेट एकाएकी गेलं. पण घाबरू नकोस, तुला बाद होऊ देणार नाही. आपला नियम मोडून सांगतो. नेट माझं नव्हतंच, खाली राहणाऱ्या मोठ्या भावाचं होतं. चार वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. आता जातो आणि हात जोडून मागतो.'

जिन्यावर पावलं वाजली. मग दारावर थाप पडली.